कंटाळ्याचं गाणं, साथीला पेटी

भारतातून फोन आला की उत्तराची आई अटलांटिकपलीकडे थेट हाक मारल्यासारखी ओरडे, "हॅलो! हो! जेवलो!" शेजारच्या अमेरिकन बाईंचा फोन असला की तिच्या आवाजात साखर विरघळे आणि प्रत्येक वाक्याचं शेपूट वर उचललं जाई. मंडळातल्या कुणा काकूंचा असला की आवाज तळघरात जाई, "अगं, तुला म्हणून सांगते..." उत्तराला हे तिन्ही आवाज काढता यायचे. शाळेच्या बसड्रायव्हरचा यायचा, दातांच्या डॉक्टरचा यायचा, आणि डॉक्टरांनी तोंडात बोटं घातलेली असताना उत्तर देणाऱ्या पेशंटचाही यायचा.

या कलेमुळे एक गोची मात्र झाली होती. उत्तरा दामले मॅसॅच्युसेट्समध्ये जन्मलेली. तिला मराठी कुणी बसून शिकवलं नाही. तिथल्या श्रूजबरी गावातल्या काकू-मावश्यांच्या नकला करता करता ती ते उचलत गेली. परिणामी, सोळा वर्षांची ही मुलगी इंग्लिशमध्ये सोळा वर्षांची असे, पण मराठीत शिरली की थेट पन्नाशी गाठे आणि तिचे गुडघेही दुखायला लागत. "काय मेला उकाडा हा! पंखा लाव गं जरा." पुण्याहून आलेली तिची चुलतबहीण हे ऐकून गारच पडली. "तू आमच्या हेडबाईंसारखी का बोलतेस?" तिने विचारलं. उत्तराने पुढच्याच मिनिटाला त्या चुलतबहिणीचा आवाज करून दाखवला आणि प्रश्न टाळला.

शहाऐंशीच्या हिवाळ्यात तिच्या नकलांच्या दुकानात नवा माल आला. दिवसभर नुसती गाणी दाखवणारं चॅनल त्यांच्या घरी नुकतंच सुरू झालं होतं, आणि त्यावर एके दिवशी 'पेल हार्बर' नावाची ब्रिटिश जोडी आली. दोघंही रेनकोटात. एक जण गात होता. म्हणजे गातो कसला, हवामानाच्या बातम्या द्याव्यात तसं बोलत होता. दुसरा कीबोर्डमागे खांबासारखा उभा राहून, अगदीच नाइलाज झाला तर, एका बोटाने एखादी पट्टी दाबत होता. एक ओळ झाली की लांबलचक शांतता. तिच्यात मशीनचा नुसता ठक ठक ठेका. मग पुढची ओळ. दोघांच्याही चेहऱ्यावर असा कंटाळा, की त्यांना गायला पोलिसांनी पकडून आणलं असावं.

उत्तरा सोफ्यावरून घसरून गालिच्यावर आली. चारचौघांत इतकं उघड उघड कंटाळलेलं माणूस तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या जगात सगळे सदैव उत्साहात असत. "अरे वा! ये ये! केवढी झालीस! घे ना, काहीच खाल्लं नाहीस!" मराठी मंडळात कंटाळा यायची सोयच नव्हती, आला तर कुणीतरी त्याला लगेच ताटात वाढून घ्यायला लावलं असतं. आणि हे दोघं मात्र कंटाळ्याच्या जोरावर जगप्रसिद्ध झाले होते.

आठवडाभरात तिने तो आवाज गळ्यात बसवला. वर्गात ती बाथरूमला जायची परवानगीही लंडनच्या धुक्यातून मागू लागली. शेवटी शाळेतून आईला फोन आला की, तुम्ही अलीकडेच इंग्लंडहून आलात का, मुलीला इथे रुळायला जड जातंय का? आईने साखरेच्या आवाजात "ओह नो नो" म्हणून फोन ठेवला आणि मग बिनसाखरेच्या आवाजात हाक मारली, "उत्तरा! खाली ये!"

इतपत सगळं ठीक होतं. पण सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात बातमी आली की पेल हार्बर ऑक्टोबरमध्ये वूस्टरला येणार. वूस्टर म्हणजे घरापासून गाडीने हाकेच्या अंतरावर. उत्तराने जेवणाच्या टेबलावर विषय काढला आणि आईने भाताचा डाव तसाच हवेत धरला.

आईचं नाव सुनेत्रा. हॉस्पिटलमध्ये ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल द्यायचं तिचं काम. घरातही ती कुणाला कधी शुद्धीवर ठेवायचं ते स्वतःच ठरवायची. "कॉन्सर्ट?" ती म्हणाली. "मागच्या गणपतीत जी कॉन्सर्ट केलीस ती पुरे नाही झाली?"

मागच्या गणपतीतली गोष्ट अशी. मंडळाचे अध्यक्ष नरेंद्र काका. माइक हातात आला की ते "मंडळी, मंडळी, जरा शांतता" अशी सुरुवात करत आणि त्या शब्दांमुळे जी काही शांतता असे तीही मोडत. कार्यक्रमाच्या मध्यंतरात माइक मोकळा सापडला, उत्तराने पडद्यामागून त्यांचा आवाज लावला आणि जाहीर केलं, "मंडळी, मंडळी, जरा शांतता. निळ्या स्टेशन वॅगनचे दिवे चालू राहिले आहेत. मालकाने कृपया त्वरित जावे." निळी स्टेशन वॅगन नरेंद्र काकांचीच. आणि ते गेले! स्वतःच्याच आवाजाच्या आज्ञेवरून ते पार्किंग लॉटपर्यंत धावत गेले, दिवे बंदच असल्याचं पाहून परत आले, आणि दारात उभे राहिले तेव्हा सगळा हॉल पोट धरून हसत होता. तेव्हापासून वर्षभर ते उत्तराच्या बाबांशी बोलले नव्हते. बाबांचा आणि त्यांचा दर शनिवारचा ब्रिजचा डाव मोडला होता. बाबा शनिवारी एकटेच पत्ते पिसत बसत.

"आई, प्लीज," उत्तरा म्हणाली. "तू म्हणशील ते करीन."

"मग ऐक. यंदा गणपतीत स्टेजवर जाऊन मराठी गाणं म्हणायचं. सभ्यपणे. आणि कुणाचीही नक्कल करायची नाही. केलीस तर वूस्टर कॅन्सल."

"कुणाचीही?"

"कुणाचीही."

उत्तराने मान हलवली आणि खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली. कारण तिच्या डोक्यात गाणं तयारच झालं होतं. पेल हार्बरच्या धाटणीचं, पण शब्द मराठी. सभ्य? एकदम. मराठी? अस्सल. नक्कल? होती, पण कुणाची ते मंडळात कोण ओळखणार? तिथे पेल हार्बर म्हटलं तर लोकांनी बोटीच्या सहलीचे पैसे विचारले असते. शब्द तिने एका बैठकीत लिहिले:

बर्फ पडतोय. मी घरी आहे.
फोन वाजतोय. मी घरी नाही.
तू विचारतेस, कसं चाललंय.
चाललंय.

आता प्रश्न होता कीबोर्डमागे न हलता उभं राहणाऱ्याचा. बरोबरीची पोरं कामाची नव्हती. सगळी स्टेजवर गेली की कंबर हलवायची. तेव्हा तिला पुरुषोत्तम काका आठवले. मूळचे नागपूरचे, हायवे खात्यात इंजिनियर, आणि मंडळाचे पेटीवाले. हा माणूस मुळातच हलत नसे. कुणी विनोद सांगितला तर त्यांचा चेहरा तसाच राही, आणि बऱ्याच वेळाने, विनोद सांगणारा घरी गेल्यावर, त्यांची एक भुवई वर जाई, असं म्हणत.

तालीम त्यांच्या बेसमेंटमध्ये झाली. टेबलावर पेटी, शेजारी ठेका धरायला छोटा कॅसिओ. काकांनी शब्द वाचले आणि चष्म्यावरून पाहिलं.

"हे गाणं आहे का तुझं पत्र आहे?"

"गाणं आहे काका. असंच असतं ते. तुम्ही फक्त उभं राहायचं. माझी ओळ संपली की काही वाजवायचं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

"पोरी, गाणाऱ्याची ओळ संपली की पेटीवाल्यानं भरायचं असते. सारं जग असंच करून राहिलंय. तू जागा रिकामी ठेवतेस, अन् मी बाजूला उभा राहून पाहू? लोक म्हणतील पुरुषोत्तमला लकवा मारला."

"ती रिकामी जागा हेच तर गाणं आहे!"

काकांनी सुस्कारा सोडला. "बरं. तुझं गाणं." ठेका सुरू झाला. उत्तरा मुडद्यासारखा चेहरा करून म्हणाली, "बर्फ पडतोय. मी घरी आहे." ठक, ठक, ठक. काकांचं बोट पट्टीवर थरथरत होतं. दाव्याला बांधलेल्या वासराला समोर गवत दिसावं, तसे ते त्या शांततेकडे पाहत होते. पण टिकले. शेवटपर्यंत टिकले. उत्तराला वाटलं, लंडनमध्येसुद्धा याच्यापेक्षा भारी उभं राहणारा मिळणार नाही.

गणपती मंडळाच्या रिवाजाप्रमाणे सोयीच्या शनिवारी बसले. शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने, मूर्ती दरवर्षीची, कॅफेटेरियात मसालेभात आणि सावर क्रीमचं श्रीखंड. उत्तरा बाबांच्या रेनकोटात स्टेजवर गेली. मागे टेबलाआड काका, पेटीवर हात, समाधी लागलेली. कॅसिओ सुरू झाला.

"बर्फ पडतोय," ती म्हणाली. "मी घरी आहे."

ठक, ठक, ठक, ठक.

हॉल चिडीचूप. उत्तराच्या अंगावर काटा आला. जमलं! तिने तोंड आणखी लांब केलं.

"फोन वाजतोय. मी घरी नाही."

ठक, ठक.

आता मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पोर स्टेजवर गप्प उभं राहिलं, तर त्याचा अर्थ जगाच्या पाठीवर एकच असतो. दुसऱ्या रांगेतून कुजबुज उठली. "विसरली गं." "बिचारी!" "चेहरा बघ, पांढरा पडलाय." विंगेतून शोभा काकूंनी हातांचा कर्णा केला, "फोन झाला, फोन झाला! पुढचं आठव!" मागून एक काका गरजले, "शाब्बास! घाबरायचं नाही!" आणि टाळ्या सुरू झाल्या. पोराला धीर देणाऱ्या, जीव तोडून वाजवलेल्या टाळ्या. उत्तराचा नाजूक ब्रिटिश कंटाळा त्या मायेच्या पुरात बुडायला लागला. तिने तोंड जितकं मख्ख ठेवावं, तितका हॉल कळवळत होता.

आणि मग, देवा, नरेंद्र काका पायऱ्या चढून स्टेजवर आले. हातात दुसरा माइक.

"मंडळी, मंडळी, जरा शांतता. आपली छोटी मैत्रीण थोडी घाबरली आहे. हरकत नाही! आपण सगळे मिळून तिला ताल देऊ या."

उत्तराच्या गळ्यात तोच आवाज तयार होऊन बसला होता. 'मंडळी, मंडळी' असं नुसतं म्हणायचा अवकाश, हॉल कोसळला असता. ती घाबरलेली नाही हे शेवटच्या खुर्चीपर्यंत कळलं असतं. तिने तोंड उघडलं. पहिल्या रांगेत आई बसली होती. हात मांडीवर, नजर पेशंटच्या मॉनिटरवर असते तशी. उत्तराला वूस्टर दिसलं. तिने आवाज गिळला. तो सहज उतरला नाही.

"तू विचारतेस," ती म्हणाली, "कसं चाललंय."

हॉल टाळ्यांचा ठेका धरून बसला होता. समोर एवढी मोठी रिकामी जागा, वर टाळी, आणि अध्यक्षांची परवानगी. पुरुषोत्तम काकांचा बांध फुटला. पेटी अशी काही गरजली, सुरांचा असा काही फवारा उडाला, की कॅसिओ बिचारा ठक म्हणायचा विसरला असावा. वर्षानुवर्षं मंडळात पेटी वाजवून त्यांना जी दाद मिळाली नव्हती, ती त्या एका जागेला मिळाली. उत्तराने हताश होऊन शेवटचा शब्द टाकला:

"चाललंय."

"चाललंय!" हॉलने गर्जना केली.

पुढची दहा मिनिटं तिला गाणं संपवता आलं नाही. मंडळाला शब्द फारच पटले होते. साठीच्या आज्याही टाळी देत "चाललंय!" म्हणत होत्या. (हे गाणं पुढे बालवर्गाने उचललं. एकोणनव्वदच्या गणपतीच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यापुढे 'पारंपरिक' असं छापलं होतं. तोवर पेल हार्बर भांडून फुटली होती आणि त्यांची गाणी रेडिओवरूनही गेली होती. श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स इथे त्यांचा वारसा पेटीवर सुखरूप होता, त्यांना न कळता.)

खरा छळ नंतर सुरू झाला. कॅफेटेरियात शोभा काकू पाण्याचा पेला घेऊन आल्या. "घे हो राजा. होतं असं. मीसुद्धा लग्नात नाव घेताना विसरले होते." एकीने ओवा चावायला सांगितला, एकीने रोज सूर्यनमस्कार. उत्तराच्या जिभेवर सत्य लोंबकळत होतं: मी घाबरले नव्हते हो, ती शांतता मुद्दाम होती, मी दोन इंग्रजांची नक्कल करत होते आणि ती उत्तम झाली होती! पण 'नक्कल' म्हटलं की वूस्टर गेलं. म्हणजे एक तर कलाकार म्हणून मान घ्यायचा, नाही तर भित्री म्हणून तिकीट.

तेवढ्यात नरेंद्र काका आले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाबांकडे वळून, घसा साफ करून म्हणाले, "श्रीराम, पोर आहे रे. मागचं सोड. शनिवारी येतोस का खेळायला?" बाबांच्या ताटातलं श्रीखंड हललं. ते फक्त म्हणाले, "पत्ते मी आणतो."

आता तर बोलायची सोयच उरली नाही. उत्तराने शोभा काकूंचा पेला दोन्ही हातांनी धरला, घोट घोट पाणी प्यायली आणि बारीक आवाजात म्हणाली, "फार भीती वाटली हो काकू." ही तिच्या आयुष्यातली सर्वांत कठीण नक्कल होती, आणि ती महिनाभर चालली. जिथे जाईल तिथे लोक तिच्याशी हळू बोलत. भोंडल्यात तिला मधे उभं केलं नाही, "नको, तिला त्रास होतो." श्रूजबरीतली सर्वांत आगाऊ पोरगी लाजाळूचं झाड म्हणून मिरवत होती.

आईने वूस्टरला हो म्हटलं. फक्त सोबतीला पुरुषोत्तम काकांना धाडलं. उत्तराने काकांना बजावलं होतं की सगळे रेनकोटात येणार. काका खात्याचा पिवळाजर्द रेनकोट घालून आले, पाठीवर चमकणारे पट्टे. वूस्टरच्या त्या हॉलमध्ये हजारो पोरं करड्या रेनकोटात, लांबुळके चेहरे करून उभी होती, आणि प्रत्येक जण लंडनच्या धुक्यातून बोलत होता. उत्तराला जरा अपमानच वाटला. आपण एकट्याच आहोत असा तिचा समज होता. काकांना मात्र सगळे जण येऊन बाथरूम कुठे आहे ते विचारत होते, आणि काका अंदाजाने दिशा दाखवत होते.

गाणं सुरू झालं. ओळ, शांतता, ठक ठक. उत्तरा डोळे मिटून ऐकत होती. काकांनी तिच्या दंडाला कोपर लावलं.

"तो मागचा पाहा. तो कंटाळला नाही. तो थांबून राहिला."

"म्हणजे?"

"गाणाऱ्याचा हात पाहा, माइकवरचा. कापून राहिला. हा पोरगा पार घाबरलेला आहे. मागचा त्याच्याकडे पाहून वाट पाहते, की याच्यात धीर केव्हा येते. मग पट्टी दाबते. मी पन्नास गाणाऱ्यांमागे बसलो, मला नको शिकवू."

उत्तराने डोळे उघडून पाहिलं. हात कापत होता खरा. काका म्हणत होते तेच खरं की हॉलमधला गारठा, हे त्या दोघांनाच ठाऊक. पण तिच्या मनात भयंकर विचार आला. समजा काका बरोबर असले, तर ती वर्षभर कंटाळ्याची म्हणून जी नक्कल करत होती, ती हुबेहूब घाबरलेल्या माणसाची होती. आणि मंडळाने ती पहिल्या फटक्यात ओळखली होती.

एवढं मोठं गुपित पोटात राहणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पोहे परतत होती, बाबा पेपरमागे होते. उत्तराने सगळं ओकून टाकलं: रेनकोट, इंग्रज, नक्कल, ओवा, महिनाभराचा भित्रेपणा.

आईने झाकण ठेवलं. "माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू घाबरली नव्हतीस ते. मी रोज सकाळी घाबरलेली माणसं बघते, बाई. घाबरलेलं माणूस पाणी असं पीत नाही, कोण कोण बघतंय ते बघत बघत."

"मग मला जाऊ का दिलंस? वूस्टर कॅन्सल का नाही केलंस?"

"करणार होते. पण मग म्हटलं, ही आपल्या पायाने महिनाभर बिचारी होऊन फिरतेय. याहून मोठी शिक्षा मला कुठली सुचणार होती? शिवाय यांचे पत्ते सुरू झाले." आईने उलथनं खाली ठेवलं, खांदे पाडले, दोन्ही हातांत रिकामा पेला धरला आणि बारीक, थरथरत्या आवाजात म्हणाली, "फार... भीती... वाटली हो काकू." मग लगेच हनुवटी वर करून, लंडनच्या धुक्यातून, "आई, प्लीज, तू म्हणशील ते करीन." मग पन्नाशीचे गुडघे धरून, "काय मेला उकाडा हा!"

हुबेहूब होतं. आवाजाची चढउतार, मध्येच घेतलेला श्वास, बोलताना डोळे कुणी हसतंय का ते तपासत फिरतात तेसुद्धा. उत्तराच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"मी अशी मुळीच बोलत नाही!"

"मी अशी मुळीच बोलत नाही!" आई म्हणाली.

पेपर हलायला लागला. त्याच्यामागून बाबांचा हुंदक्यासारखा आवाज येत होता. "सुनेत्रा," ते कसेबसे म्हणाले, "ते पाण्याचं परत कर."

उत्तरा पोह्यांसाठी थांबली नाही, जिना चढून वर गेली आणि घरभर ऐकू जाईल असं खोलीचं दार आपटलं. मग स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार आपटल्याचा आवाज आला, अगदी तेवढ्याच रागाने.